आजाची पाऊणकी

माझ्या आजाला, म्हणजे आईच्या वडिलांना, लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, तोंडपाठ होती. पावकी नाही, निमकी नाही, फक्त पाऊणकी, आणि तीही पंधरापर्यंतच. पुढची त्याला कधी लागली नाही, कारण पंधरा तिथ्या झाल्या की पंधरवडा संपतो आणि हिशेब पुन्हा एकापासून सुरू होतो.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं. अष्टमीला आठ पाऊण सहा. दशमीला दहा पाऊण साडेसात. त्यात सहा तास आणि थोडं वर मिळवलं की ओहोटीचा तळ. पुनवेला आणि अवसेला या हिशेबाने सव्वाअकरा निघतात, पण मुंबईत पाणी भरतं बाराच्या आसपास. त्यावर आजा म्हणायचा, "अर्धा घंटा दर्याला सोरायचा. तो काय आपला नोकर नाय." आज मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिनिटांसकट मिळतं. तरी माझं मन आधी तिथी विचारतं, मग पाऊणकी म्हणतं आणि शेवटी मोबाइल बघतं.

मी मूळचा वेसाव्याचा, म्हणजे वर्सोव्याचा, नाही. आई वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, मांडवी गल्लीतली; बाबा लालबागचे, एका गिरणीत साचे खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते आणि दोन महिन्यांत मिटेल असं आमच्या चाळीत सगळे धरून चालले होते. होळी गेली, पाडवा गेला. वाण्याने उधारी बंद केली. आईने आधी बांगड्या मोडल्या, मग मंगळसूत्रातल्या वाट्या. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी माझी ट्रंक भरली आणि मला वेसाव्याला मामाकडे ठेवलं. घरात एक तोंड कमी होईल, हे कुणी बोललं नाही, पण मला कळत होतं.

जून म्हणजे कोळीवाड्यात सगळ्या होड्या वाळूत चढवलेल्या. वर झापांचं आच्छादन, खाली कोरड्या जागेत पोरांचा खेळ. समुद्र समोर आणि त्यात कुणीच जात नाही, याचं मला नवल वाटायचं. आजा ओटीवर बसून जाळं दुरुस्त करायचा. लाकडी सुईत दोरा भरायचा, बांबूच्या पट्टीवर गाठ मारायची, पट्टी काढली की मागे एकसारखा चौकोन राहायचा. त्याच्या तरुणपणी जाळी सुताची होती, झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढल्याशिवाय टिकायची नाहीत. नायलॉन आलं आणि तो त्रास गेला. तरी त्याच्या बोटांच्या भेगांत त्या सालीचा तांबडा रंग आहे असं मला वाटायचं. आजी, जिला सगळा वाडा बय म्हणायचा, ती सांगायची की तो तंबाखूचा आहे.

त्या ओटीवर मी पाऊणकी शिकलो. आजा कालनिर्णयाच्या पानावर बोट ठेवून विचारायचा, "तिथ कंची?" मला वाचता येत होतं, त्याला नाही. मी म्हणायचो, "षष्ठी." तो सुई न थांबवता विचारायचा, "मंग?" मी बोटांवर मोजून सांगायचो, "साडेचार." तो मान खाडीकडे वळवायचा. जा, बघून ये. मी छत्री न घेता धावत जायचो. साडेचारला पाणी बंदराच्या पायरीवर आलेलं असायचं आणि थांबलेलं असायचं. भरलेलं पाणी थोडा वेळ काहीच करत नाही, जागच्या जागी श्वास घेतं. मग एखादी काडी हळूच तोंड फिरवून समुद्राच्या दिशेने निघते. ती काडी बघायला मी किती पावसांत उभा राहिलो असेन! शाळेत शिकवलेलं गणित खरं असतं की नाही हे तपासता येत नाही. हे येत होतं.

उधाण आणि भांग हे दोन शब्दही तिथेच कळले. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि खाडीच्या तोंडाशी नदीसारखं धावतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी अर्धवट चढतं, अर्धवट उतरतं, ओढ कमी, तो भांग. वेसाव्याचा संसार या दोन शब्दांवर चालतो, कारण वेसाव्याचं मोठं काम डोलीचं. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. तोंड मोठं, तिथले डोळेही मोठे, आणि शेपटाकडे जाता जाता डोळे बारीक होत होत शेवटी जवळासुद्धा सुटणार नाही इतके. समुद्राच्या तळात खुंट रोवलेले असतात, त्यांना जाळ्याचं तोंड प्रवाहाच्या समोर बांधायचं, वर पिंपं तरंगत ठेवायची. मासा पकडायला कुणी धावत नाही, पाणीच त्याला आत आणतं. म्हणून पाण्याला ओढ हवी. उधाणात डोल चालते, भांगात डोलकर घरी बसतो. आणि जाळं काढायचं ते पाणी थांबतं त्या थोड्या वेळात, भरती-ओहोटीच्या सांध्यावर. तो सांधा चुकला की पुढचे सहा तास जाळं हातात येत नाही. आजाची पाऊणकी म्हणजे नुसता पाढा नव्हता, ती त्याची हजेरी होती. गिरणीचा भोंगा वाजायचा तसा.

नारळी पौर्णिमेला सोनेरी कागद लावलेला नारळ दर्यात गेला, होड्या उतरल्या आणि त्यानंतरच्या एका उधाणात मामाने मला डोलीवर नेलं. एकदाच. आजाने नाखवेपण मामाकडे देऊन चार वर्षं झाली होती, पण त्या दिवशी माझ्यासाठी तोही आला. जाताना मी तीनदा ओकलो. आजाने माझं डोकं धरलं नाही, फक्त म्हणाला, "होरीकरं बघू नको. जमीन दिसते ना, तिकरं बघ." खाडीपलीकडच्या मढच्या किल्ल्याकडे बघत राहिलो आणि पोट खरंच शांत झालं.

पाणी थांबलं तसे खलाशी एका सुरात ओढायला लागले. जाळ्याचं शेपूट, ज्याला खोला म्हणतात, ते वर आलं आणि त्याची गाठ सोडली. माझ्या पायांपुढे एक चमकतं, थरथरतं, चिखलासारखं काही ओतलं गेलं. आधी सगळं एकच वाटलं. मग त्यातून बोंबील वेगळे दिसायला लागले, काचेसारखे, तोंडात दातांची कंगवी. ढोमी, मांदेली, चांदीच्या पट्ट्यांसारख्या वाकट्या, करंदी आणि सगळ्यांत खाली जवळ्याचा गुलाबी लगदा. त्या ढिगात दोन शिंगाळे होते. एकाने तोंड उघडलं आणि त्यातून गोट्या पडल्या. खरोखर गोट्यांएवढी पिवळसर अंडी, आठ-दहा. मी वेचायला हात घातला तर आजाने हात धरला. त्याने तो शिंगाळा आणि मिळाली तेवढी अंडी उचलून पाण्यात टाकली. मामा चिडला, शिंगाळ्याला गिऱ्हाईक होतं. आजा मला म्हणाला, "बाप हाय तो. पिल्लं सुटंपर्यंत तोंडान घेऊन फिरतं. तवर खात नाय काय."

पुढे मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की हे अक्षरशः खरं आहे. समुद्री शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात उबवतो आणि तेवढे दिवस उपाशी राहतो. आजाच्या टाकण्याने काही वाचलं असेल की नाही, कोण जाणे. पण त्या क्षणी होडीवर मला लालबागचे बाबा दिसले, रात्री "मी बाहेर खाऊन आलो" म्हणून पाणी पिऊन झोपणारे. मी रडलो. सगळ्यांना वाटलं होडी लागली.

डोलीचं काम मोठं, पण आजाबरोबरची माझी मासेमारी ती नव्हे. आमची मासेमारी भांगातली. डोली बंद असायच्या त्या चार-पाच दिवसांत आजा आपली लहान होडी काढायचा. तो तिला होरी म्हणायचा. दोन वल्ही, एक ठिगळांचं शीड, आणि आत आम्ही दोघं. त्याचं म्हणणं होतं की भांग हा गरीचा, म्हणजे गळाचा, दिवस. पाण्याला ओढ कमी म्हणून शिसं तळाला टिकतं आणि तंगूस, म्हणजे गरीचा दोरा, सरळ खाली उभा राहतो.

तयारी आदल्या रात्री. बयच्या टोपलीतली मोठी करंदी बाजूला काढायची, मीठ लावून ठेवायची, म्हणजे सकाळी ती घट्ट होते आणि गरीवरून निसटत नाही. बोंबलाचा तुकडा आमिषाला चालत नाही, तो पाण्यासारखा मऊ, पाण्यात गेल्यावर पाणीच होतो. लाकडाच्या फळकुटावर तंगूस गुंडाळलेला, शेवटी शिसं, त्याच्यावर वीतभर अंतराने दोन गऱ्या. नांगर म्हणून लोखंड नाही, दगड. त्याला बांधायची दोरी मुद्दाम जुनी आणि कच्ची. आमची जागा खडकाची होती. नांगर अडकला तर तोडून येता यावा, होडी अडकू नये. आणि एक चिंधी, उजव्या तर्जनीला गुंडाळायला. आणखी एक वस्तू असायची ती बार साबणाचा तुकडा. त्याचं काम पुढे सांगतो.

अष्टमीचा रविवार असला की सोनंच. सहाला भरती पूर्ण. आम्ही पावणेसहाला खाडीत, मढच्या तरीचे दिवे समोर. पाणी फिरलं की ओहोटीच आम्हाला बाहेर ओढून न्यायची. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे, तोही पाठीवर. आजा शीड लावायचा आणि वल्ही आत घ्यायचा. जाताना ओहोटी आणि मतलई, येताना भरती आणि खारा वारा. दिवसभरात अंगमेहनतीने कापायचं अंतर फार थोडं असायचं. साठी उलटलेला माणूस एका पोराला घेऊन समुद्रात कसा जात होता, याचं कोडं मला आता पडत नाही. तो जात नव्हता, वेळेवर बसत होता.

जागा शोधणं हा खरा भाग. चारी बाजूंना सारखंच पाणी. तळाला सगळा चिखल, आणि त्यात कुठेतरी एक खडप, चाळीच्या दोन खोल्यांएवढं. तिथे गोबरे, तांबोशी, शिंगाळे. दहा हात इकडे-तिकडे झालं तर दिवसभर चिंबोरी आमिष कुरतडत राहणार. आजा समुद्राकडे पाठ करून बसायचा आणि जमिनीकडे बघायचा. पूर्वेला गावदेवीचा डोंगर, म्हणजे अंधेरीचा गिल्बर्ट हिल. काळ्या बेसॉल्टचा सुमारे ६० मीटर उंच ठोकळा, माथ्यावर देऊळ. तेव्हा तो समुद्रातून स्पष्ट दिसायचा. त्याच्या पुढे किनाऱ्याजवळ एक वाकडा ताड. डोंगर आणि ताड एका रेषेत आले की आपण एका रेघेवर. मग त्या रेघेवरून पुढे-मागे सरकायचं, जोवर उत्तरेकडे मढच्या किल्ल्याचा बुरूज आणि मागची एक खूण एकमेकांवर बसत नाहीत. ती मागची खूण मी लिहिणार नाही. जिथे दोन रेघा कापतात तिथे दगड टाकायचा.

त्याने मला एक युक्ती शिकवली, ती कुठल्याही पाण्यावर चालते. मागची खूण पुढच्या खुणेच्या ज्या बाजूला सरकलेली दिसते, त्याच बाजूला आपण वाहवलो आहोत. डोंगर ताडाच्या डावीकडे दिसला तर आपणही डावीकडे गेलो, उजवीकडे वल्हवायचं. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वेळी उलटं सांगितलं. त्याने एकदाही दुरुस्त केलं नाही. मी सांगेन तिकडे वल्हवत राहिला, होडी खुणेपासून लांब लांब गेली, आणि मग नुसतं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या रविवारी मी चुकलो नाही.

आणि साबण. शिशाच्या बुडाला एक खोलगा होता, त्यात साबण चेपून भरायचा आणि शिसं तळाला टेकवून वर काढायचं. साबणाला चिखल लागला तर चिखल, रेती चिकटली तर रेती. काहीच न लागता साबणावर नुसता ओरखडा आला तर खाली खडक. खोली तो वावेत मोजायचा, दोन हात पसरून तंगूस ओढत. आमचं खडप पाच वावेवर. आजूबाजूला सहा. ओरखडा घेऊन साबण वर आला की तो मला वास घ्यायला द्यायचा. बार साबणाला समुद्राच्या तळाचा वास येतो, हे मला अजून शब्दांत नीट सांगता येत नाही.

मग चिंधी बांधलेल्या बोटावर तंगूस. तळाला शिसं टेकलं की हातभर वर घ्यायचं आणि गप्प बसायचं. आजा बोलायचा नाही. तासाला दोन वाक्यं झाली तर पुष्कळ. बोटाला जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही. चिंबोरी आमिषाला लागली तर तंगूस जड होतो आणि काहीच हलत नाही. ढोमा टकटक करतो, दार वाजवल्यासारखं. गोबरा एकदम ओढतो आणि लगेच दगडात शिरायला बघतो, तिथे ढिलाई केली तर गरी गेली. शिंगाळ्याचा ओढा सरळ, खालच्या दिशेने, न थांबणारा.

माझा पहिला मोठा मासा शिंगाळाच होता. डिसेंबरातली अष्टमी, दहा वाजत आले होते. मी एकट्याने वर घेतला, दीड हात लांब, गुरगुरणारा. शिंगाळा खरंच आवाज करतो. मला इतका आनंद झाला की आजा "थांब" म्हणायच्या आत मी त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. त्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन असे तीन काटे असतात, करवतीसारखे दातेरी आणि विषारी. डाव्या तळहातात एक आरपार नाही, पण चांगला बोटाच्या पेराएवढा शिरला.

ती वेदना पाच मिनिटं काही वाटली नाही आणि मग कोपरापर्यंत चढली. मी ओरडत होतो, घरी चल, घरी चल. आजाने आधी शिंगाळ्याचे तिन्ही काटे वल्ह्याच्या मुठीने मोडले. मग माझा हात दाबून रक्त जाऊ दिलं. मग म्हणाला, "पानी फिरलं की जाव."

पाणी फिरायला अजून दोन तास होते. ओहोटी खाडीतून बाहेर धावत होती. तिच्या तोंडाला वल्हं मारून आत शिरणं त्या म्हाताऱ्या हातांना जमणारं नव्हतं. अर्ध्या वाटेत दमलो असतो तर दोघंही बाहेर फेकले गेलो असतो. हे मला आज समजतं. त्या वेळी मला फक्त इतकंच कळलं की माझा आजा मला घरी नेत नाही.

त्याने थर्मास काढला. मामाने आणलेला, लाल रंगाचा, आजाची सगळ्यांत लाडकी वस्तू. त्यातला चहा हा त्याचा दिवसभराचा एकमेव आधार, तो घोट घोट पुरवायचा. त्याने पहिल्यांदा स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघितला आणि मग माझा हात कढईसारखा धरून त्यात चहा ओतला, सोसेल तितका गरम. निवला की सांडायचा, पुन्हा ओतायचा. शिंगाळ्याचं विष उष्णतेने निकामी होतं. काटा लागलेला हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवायला डॉक्टरही सांगतात. आजाला हे कुणी सांगितलं होतं देव जाणे. अर्ध्या तासात कळ खांद्यावरून मनगटावर उतरली. थर्मास रिकामा झाला. मग त्याने माझा हात आपल्या काखेत दाबून धरला आणि उजव्या हाताने तंगूस टाकून पुन्हा मासेमारी सुरू केली. मला तेव्हा त्याचा रागच आला. पण काखेत हात होता तो उबदार होता, आणि त्याचा श्वास बरगड्यांतून माझ्या बोटांना कळत होता.

बाराच्या पुढे एक काडी होडीजवळून जात होती ती थांबली. बराच वेळ थांबली. मग तिने तोंड फिरवलं. आजाने दगडाची दोरी ओढली.

घरी बयने गरम पाण्याचं घमेलं मांडलं आणि आजाला जे बोलायचं ते बोलून घेतलं. तो जेवायला बसला नाही. संध्याकाळी मी ओटीवर गेलो तेव्हा तो माझा शिंगाळा कापत होता. अर्धा घरात दिला आणि अर्ध्याला मीठ लावून केळीच्या पानात बांधला. दुसऱ्या दिवशी मामी आणि मी ते पुडकं घेऊन अंधेरीहून लोकलने एल्फिन्स्टनला उतरलो आणि पूल ओलांडून लालबागला. त्या वर्षी जवळजवळ प्रत्येक पंधरवड्याला असं काहीतरी जायचं. उधाणानंतर वलांडीवर वाळलेले बोंबील, जोडीजोडीने एकमेकांच्या जबड्यांत अडकवून टांगलेले, वाकट्या, पिशवीभर सुकट. चाळीतल्या सात बिऱ्हाडांत ते वाटलं जायचं. आईने नंतर सांगितलं की त्या वर्षी चाळीत भाजी कुणी विकत घेतलीच नाही. मी पकडलेला मासा बाबांनी खाल्ला तो एवढा एकच, खारवलेला शिंगाळा. ते जेवताना मी त्यांच्या ताटाकडे बघत बसलो होतो. त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. बाबांची गिरणी त्यांना परत मिळाली नाही. ते पुढे एका इमारतीत पहारेकरी झाले आणि मी दोन वर्षांनी लालबागला परत आलो. सुट्टीत वेसाव्याला जात राहिलो. आजा गेला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, कॉलेजात, आणि माझ्या डोक्यात समुद्र फारसा उरला नव्हता.

एक गोष्ट मात्र मला बोचत राहिली. त्या खडपाच्या खुणा आजाने मामाला कधी सांगितल्या नव्हत्या. मामाला डोलीपुढे गरीची पर्वा नव्हती आणि कोळीवाड्यात जागा सांगितली की ती जागा राहत नाही. मला सांगितल्या, कारण माझ्याकडे होडी नव्हती आणि असण्याची शक्यताही नव्हती. लालबागच्या पोराच्या डोक्यात त्या सुरक्षित होत्या.

गेल्या जानेवारीत मामेभावाला मी ते सांगितलं. तो आता मामाची होडी चालवतो. त्याच्याकडे जीपीएस आहे, तळ दाखवणारं यंत्र आहे. डोलीत मासळीबरोबर किती प्लास्टिक येतं हे तो रोज बघतो, आणि छोट्या पापलेटांबद्दल तो माझ्यापेक्षा जास्त तळमळीने बोलतो. २०२३ मध्ये चंदेरी पापलेट राज्याचा मासा जाहीर झाला तेव्हा तो म्हणाला होता, मान दिला ते बरं झालं, आता वाढायलाही द्या. शुद्ध दशमीला आम्ही निघालो. साडेसातची भरती.

बाहेर जाऊन मी समुद्राकडे पाठ केली आणि जमिनीकडे बघितलं. डोंगर नव्हता. म्हणजे आहे, जागच्या जागी आहे, पण त्याच्यापुढे वीस-तीस मजल्यांची भिंत उभी. दलदल होती तिथे आता लोखंडवाला, यारी रोड. वाकडा ताड तर केव्हाच गेला असणार. जुहूच्या बाजूला सागरी सेतूच्या कामाची यंत्रं पाण्यात उभी होती. मढचा बुरूज मात्र होता आणि त्याच्या मागची ती खूणही होती. म्हणजे दोनपैकी एक रेघ शिल्लक होती. मामेभाऊ म्हणाला, एका रेघेवर जागा सापडत नाही, दादा. मी म्हटलं, रेघेवरून चालत राहू.

मग त्या एका रेघेवरून आम्ही इंजिन मंद करून पुढे-मागे फिरत राहिलो. यंत्राचा पडदा त्याच दिवशी धड चालेना, एकसारखी सपाट रेघ दाखवत होता. मी शिसं आणलं होतं, आणि साबण. त्याला हसू येईल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही. त्याने साबण हातात घेऊन बघितला आणि स्वतः चेपून भरला. पहिल्यांदा चिखल. दुसऱ्यांदा चिखल. सहा वाव, सहा वाव. सातव्या की आठव्या वेळी शिंपल्यांचा चुरा. त्यानंतर पुन्हा चिखल. अकरा वाजून गेले होते तेव्हा शिसं पाच वावेवर टेकलं आणि वर आलं तर साबणावर आडवा ओरखडा, बाकी कोरा.

त्याने बटण दाबून जागा यंत्रात नोंदवली. मी काही बोललो नाही. त्याची होडी आहे, समुद्रही त्याचाच आहे.

आम्ही दोन गऱ्या टाकल्या. पहिल्या तासात एक ढोमा आणि एक लहान तांबोशी. तांबोशी त्याने सोडून दिली. साडेबाराला तो घड्याळ बघून म्हणाला, निघू या का, इंजिन आहे, ओहोटीचं काय एवढं. मी म्हटलं, पाऊण-एक तास थांबू, पाणी फिरू दे. त्याने माझ्याकडे बघितलं, इंजिनाच्या झाकणावर बसला आणि थर्मास उघडला.